बाईच्या नावाचं दूध

माघ लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे ठाऊक आहे. सून मुलाला हळूच सांगते, "आईंना चार दिवस काही बोलू नका," आणि मुलगा पेपर तोंडासमोर धरून बसतो. थंडी जायला निघालेली असते पण गेलेली नसते. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा. वारा कोरडा होतो, ओठ फुटतात, आणि खाली कॉलनीच्या रस्त्यावर झाडूवाली वाळली पानं लोटायला लागली की तो खरखर आवाज वर येतो. बस, तेवढा आवाज मला पुरतो. मग मी नागपुरात नसतेच. एटापल्लीच्या पलीकडे, नदीकाठी, राहुटीच्या दारात, तीन दगडांच्या चुलीपुढे बसलेली असते, आणि भोवती सागाची परातीएवढाली पानं एकेक करून खाली येत असतात.

यंदा त्यात नातीने भर घातली. मैत्रिणींबरोबर तंबू घेऊन जंगलात चालली आहे. पाठीवर भली मोठी पिशवी, पायांत बूट. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणते, "आजी, तू जंगलात राहायचीस ना? तिथं चांगली कॉफी कशी करायची गं?" बिचारीला वाटलं असेल, आजी दोन ओळींत सांगेल. मी म्हटलं, बस इथं.

सांगितलं तिला. लाकूड पाहून घे. मोहाचं ओलं लाकूड धुमसतं आणि धुराचा वास शेवटच्या घोटापर्यंत सुटत नाही. बांबू तर फुटतो फटाफट. धावड्याचा निखारा मिळाला तर नशीब, लाल होतो आणि लालच राहतो. पाणी वाहत्या धारेचं घेऊ नये. नदीच्या वाळूत हातभर खड्डा कर, पहिलं गढूळ पाणी उपसून टाक, मग जे झिरपून येतं ते भर. ते पाणी गोड लागतं. पाणी खळखळ उकळलं की खाली उतरव, त्याचा जोर जरा बसू दे, मग पुडीवर ओत. ओतल्यावर हात लावायचा नाही, हलवायचं नाही, झाकण उघडून बघायचं नाही. तुझ्या आजोबांना तेच जमायचं नाही. "आणि पूड आधी दळून नेऊ नकोस, बिया ने, तिथंच भाज." तर म्हणते, "आजी, छोट्या पाकिटात मिळते आता. नुसतं गरम पाणी घालायचं." म्हटलं, मग मला विचारायला कशाला आलीस गं भवाने! ती हसत पळाली. मी मात्र बसले तिथेच बसले.

मी मूळची वर्धेकडची. आमच्याकडे चहा. कॉफी म्हणजे आजारी माणसाला द्यायची, जायफळ घालून. लग्न होऊन सिरोंचाला आले तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि चांद्याहून सिरोंचा म्हणजे जगाचं टोक वाटायचं. आमचे हे एका लाकडाच्या ठेकेदाराकडे मॅनेजर होते. त्या ठेकेदाराला सगळे सेठ म्हणायचे. पावसाळाभर सिरोंचाला राहायचं आणि थंडी पडली की बैलगाड्या जुंपून, राहुट्या लादून आत जंगलात जायचं, सागवान तोडायला. मूलबाळ नव्हतं अजून, म्हणून मीही जायची. घरी एकटी राहून करू काय?

सिरोंचाला शेजारी सुब्बम्मा होती, तेलुगू. तिच्या घरातून पहाटे जो वास यायचा ना, त्याने मी पहिल्यांदा उठून बसले होते अंथरुणात. तिनेच शिकवलं मला. हिरव्या बिया लोखंडी तव्यावर भाजायच्या, तडतडल्या की लगेच सुपात. वर भोकं असलेलं एक पितळी भांडं, खाली दुसरं. वरच्यात पूड घालायची, वाटीच्या बुडाने अल्लाद दाबायची; जास्त दाबली तर पाणी उतरत नाही, कमी दाबली तर धावत सुटतं. खाली थेंब थेंब पडतं ते डिकाशन. त्यात गरम दूध. माझा पहिला पेला यांनी प्यायला आणि काही न बोलता दुसरा पुढे केला. नव्या नवरीला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं! खरंच सांगते, त्या दिवसांत हा माणूस मला फार आवडायचा.

आणि मग माघातला तो कॅम्प. गाड्यांच्या हादऱ्यांनी जातं फुटलं म्हणून मी बिया खलबत्त्यात कुटायची. जमीन उंचसखल, भांडं जरा कललं की पाणी एका बाजूने निसटायचं आणि डिकाशन पाणचट. तेव्हा मी चुलीशेजारी गरम वाळू पसरून त्यात भांडं अर्धं पुरायला लागले. सरळही राहायचं आणि ऊनही. स्वतःवरच खूश झाले होते मी तेव्हा. सकाळी धुकं नदीवर लोळत असायचं, कुऱ्हाडी अजून सुरू झालेल्या नसायच्या, आणि भाजलेल्या बियांचा वास अख्ख्या कॅम्पभर. मजूर लांबून नाकं वर करून बघायचे.

एकच रड होती. दूध नव्हतं. काळी कॉफी यांच्या घशाखाली उतरेना. "औषध आहे का हे?" म्हणायचे. तोंड वाकडं करून प्यायचे आणि दिवसभर कावलेले असायचे.

त्या वासानेच जुरी आली. कॅम्पच्या वरच्या अंगाला माडिया लोकांचं छोटं गाव होतं, तिथल्या पटलाची, म्हणजे गावप्रमुखाची, सून. माझ्याच वयाची, कडेवर लेकरू, गळ्यात मण्यांच्या माळा. पहिल्या दिवशी लांब उभी राहिली. दुसऱ्या दिवशी जवळ. तिसऱ्या दिवशी मी पेला पुढे केला तर तिने हुंगला, जिभेने चाखला, आणि असं काही तोंड केलं की मला हसू आवरेना. मग तीही हसली. गूळ घातला तेव्हा प्यायली. पुढे रोज यायला लागली. मला गोंडी येत नव्हती, तिला मराठी चार शब्द. पण बायकांना गप्पा मारायला भाषा लागते असं थोडंच आहे? ती मला रानातला सुका आवळा आणून द्यायची, मी तिच्या लेकराला काजळ लावायची.

एकदा तिच्या गावात गेले तर दाराशी गाय, शेजारी एवढंसं वासरू. माझे डोळे चमकले. दूध मागायला सुब्बम्माचा तेलुगू शब्द वापरून पाहिला, पालु. गोंडीतही दुधाला पालच म्हणतात, जुरीला लगेच कळलं. आधी ती हसली, मी गंमत करतेय असं तिला वाटलं. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाली. वासराकडे बोट दाखवलं. म्हणाली, "त्याचं." एवढंच. मागून आमचा मुकादम दौलत आला होता. तो सिरोंच्याकडचाच, त्याला गोंडी यायची. तो म्हणाला, "बाई, हे लोकं गाय पिळत नाईत. दूध वासराचं असते म्हनतात. मानसानं घेतलं तर चोरी होते."

मला वाईट नाही वाटलं. उलट किती बरं वाटलं म्हणून सांगू! आपण कधी असा विचारच केला नव्हता. मी वासराच्या कपाळावर हात ठेवला आणि जुरीला म्हटलं, नाही घेणार. दौलतने सांगितलं तिला. तिने माझा हात वासराच्या कपाळावर तसाच दाबून धरला, क्षणभर. शपथच झाली ती. घरी येऊन मी हे सगळं यांना सांगितलं, अगदी रंगवून. हे ऐकत होते, मान हलवत होते.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी दौलत सकाळी चरवी घेऊन आला. दूध! मी विचारलं, कुठून रे? तो यांच्याकडे बघत म्हणाला, "नदीपल्याड गवाऱ्याचा गोठा उतरला हाये, बाई. म्हशी हायेत त्याच्या." मी तर नाचायचीच बाकी होते. चुलीवर दूध चढवलं, साय धरली. साय पातळ होती आणि रंगाला पिवळसर. मी म्हटलं, "म्हशीचं वाटत नाही हो हे." हे लगेच म्हणाले, "अगं, रानातली म्हैस ती. चारा कुठाय आता तिला?" किती पटकन म्हणाले! तयारच ठेवलं होतं उत्तर. आणि मी मूर्ख, त्या उपाशी म्हशीची कीव करत दूध ढवळत बसले.

काय कॉफी व्हायची त्या दिवसांत! तशी पुन्हा मला कधी जमली नाही, बल्लारशाला नाही, इथे गॅसच्या शेगडीवर नाही. हे खुलून गेले. सेठ पाहणीला आला तर पेला संपवून म्हणाला, "भाभीजी, ऐसी कॉफी तो नागपूर में भी नहीं मिलती." दोन दिवसांसाठी आलेला माणूस आठवडाभर मुक्काम ठोकून बसला. सकाळ-संध्याकाळ त्याची मैफल आमच्या राहुटीपुढे, आणि त्या मैफलीत बल्लारशाचा लाकूड डेपो यांच्याकडे द्यायचं बोलणं निघालं. पक्कं घर, रेल्वे स्टेशन जवळ, जंगलातली वणवण बंद. हे रात्री जेवताना म्हणाले, "इंदू, तुझ्या हाताला यश आहे." मी लाजले. अगं माय, लाजले मी!

मात्र जुरी यायची बंद झाली. चरवी यायला लागली त्याच सुमाराला. मला त्या दोन गोष्टी जोडाव्यात असं काही कारण नव्हतं. मी वाट पाहायची, गूळ घालून पेला झाकून ठेवायची. एकदा नदीवर दिसली तर मी हाक मारली. तिने पाहिलं आणि मान वळवून चालती झाली. मला इतका राग आला! म्हटलं, बघा, यांना जीव लावा आणि ही अशी वागणार. हे म्हणाले, "जाऊ दे. त्यांचा काही सण-बिण असेल. तू काऊन मनाला लावून घेतेस?" माझी समजूत काढायला पाठीवरून हात फिरवला. तो हात आठवला की आजही माझ्या पाठीवर काटा येतो.

मग ती सकाळ. आमच्या वाळूतल्या झिऱ्यात रानडुकरं लोळून गेली होती, पाणी नासलं होतं. दौलत नव्हता, म्हणून मीच हंडा घेऊन नदीच्या कडेने वर निघाले, चांगली वाळू शोधत. चालता चालता गावाच्या कडेला पोचले. कुडाच्या आडोशाला दौलत उकिडवा बसला होता, गुडघ्यांत चरवी. पिळत होता गाय. जुरीची गाय. वासरू बाजूला खुंट्याला बांधलेलं, तोंडाला दोरीचं मुसकं. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या, आणि ते आईकडे ओढ घेत होतं, पण ओरडताही येत नव्हतं त्याला. शेजारी जुरी, कडेवर लेकरू. ती दौलतकडे बघत नव्हती. वाटेकडे, म्हणजे माझ्याकडेच बघत होती.

मी हंडा टाकला आणि ओरडले दौलतवर. काय ओरडले ते आठवत नाही, पण त्याच्या हातातली चरवी लवंडली. तो उभा राहून म्हणाला, "माह्यावर काऊन रागावता, बाई? तुमचाच तर हुकूम हाये."

"माझा?"

"साहेबानं तसंच सांगतलं पटलाले. बाईले दूध पायजे म्हने. बाईनं मागतलं हाये."

जुरी पुढे आली. वाकून तिने वासराच्या कपाळावर हात ठेवला, जसा मी ठेवला होता तसा, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मुसकं काढायला गेले तर गाठ सुटेना. दौलतने सोडलं. वासरू आईला जाऊन भिडलं आणि रिकाम्या आचळांना ढुशा द्यायला लागलं.

परत आले तेव्हा हे राहुटीबाहेर आरसा टांगून दाढी करत होते. गालावर साबण. म्हणाले, "आज कॉफीला उशीर?" मी म्हटलं, "गवाऱ्याच्या म्हशी पाहून आले." वस्तरा थांबला. मला वाटलं होतं, हा माणूस शरमेल. निदान रागावेल. छे! हसले. कौतुकाने हसले हो! म्हणाले, "आधी ऐकून तर घे. पटलाने साफ नाही म्हटलं होतं. मिठाचं पोतं दाखवलं तरी नाही. कामावर घेणार नाही म्हटलं तरी नाही. मग मी म्हटलं, बाईंना पाहिजे. तेव्हा ती तुझी मैत्रीण उठली, सासऱ्याशी काहीतरी बोलली आणि स्वतःची गाय सोडून आणली तिने. माझ्या नावाने थेंब मिळाला नसता, इंदू. तुझ्या नावाला किती किंमत आहे बघ इथे!"

आणि पुन्हा वस्तरा चालवायला लागले. एवढं बोलून दाढी पुरी केली त्यांनी.

मला फसवलं. खोटं बोलले, ते मी गिळलंही असतं, नवरे बोलतात. पण मीच घरी येऊन रंगवून सांगितलेली गोष्ट, माझा आणि तिचा वासरावरचा हात, नेमकी तीच उचलून त्यांनी तिच्या दारात नेली आणि तिच्याच जोरावर दूध मिळवलं. जुरीने आपल्या लोकांत नसलेली गोष्ट केली, चोरी म्हणतात ती केली, का, तर मी मागितलं म्हणून. आणि मी मागितलंच नव्हतं! मी तिकडे गूळ घालून पेला झाकून ठेवत होते आणि तिच्यावरच रुसून बसले होते.

त्या दिवसापासून कॅम्पात काळी कॉफी. हे काही बोलले नाहीत, त्यांचं काम झालं होतं. सेठने बल्लारशाचा डेपो यांच्या हवाली केला. पुढे तिथे पक्क्या क्वार्टरच्या दाराशी यांनी हौसेने गाय बांधली. मी वासराला आधी सोडायची, पोट भरून ते आपणहून बाजूला होईपर्यंत. हे दारात उभे राहून चिडायचे, "अगं, सगळं त्यालाच पाजतेस काय?" मी ऐकू न आल्यासारखी करायची. कॉफी मात्र करून दिली, उभा जन्म, रोज दोन वेळा. हे गेले तेव्हा भेटायला आलेले लोक म्हणायचे, किती दिलदार माणूस, आणि वहिनींच्या हातची ती कॉफी! मी हात जोडून ऐकत होते.

पण त्याआधी, कॅम्प उठला त्या सकाळी, गाड्या भरून झाल्या, बैल जुंपले. मी दौलतला बरोबर घेऊन गावात गेले. जुरी अंगणात मोहफुलं वाळत घालायला जागा झाडत होती. तिने झाडणं थांबवलं नाही. मी दौलतला म्हटलं, "तिला सांग, मला माहीत नव्हतं. मी मागितलं नव्हतं. यांनी माझं नाव घेतलं."

"साहेबाचं नाव सांगू, बाई?"

"सांग म्हटलं ना!"

त्याने सांगितलं. जुरी सरळ उभी राहिली. पूर्ण ऐकून घेतलं तिने. लांब उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला. जवळ आली, माझा दंड धरला आणि दौलतला काहीतरी विचारलं. लहानसाच प्रश्न होता. दौलत खाली बघायला लागला.

"काय म्हणते ती?"

"काई नाई, बाई. चला, बैल उभे हायेत."

"दौलत!"

"थे इचारते का तुमी आता कुठी चालल्या."

"बल्लारशाला म्हणाव."

"तसं नाई इचारून राह्यली थे." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "थे म्हनते, मंग अजूनबी त्याच्यासंगच चालल्या का? त्याइच्यात असं झालं ना, बाई, तर बाईमानूस आपलं टोपलं उचलते अन् मायच्या घरी चाललं जाते. कोनी काई म्हनत नाई."

जुरीने माझा दंड सोडला नव्हता. ती खरंच उत्तराची वाट पाहत होती. तिला तो साधा प्रश्न वाटत होता. गाडीतून यांची हाक आली, "इंदू, चल गं लवकर, ऊन चढेल." मी डोक्यावरचा पदर सावरला आणि जाऊन गाडीत बसले.